तीच कुंडी, तीच माती

मैत्रिणींनो, या वेळच्या टपालात घाटकोपरच्या एका भगिनीचं पत्र आहे. लग्नाला चार वर्षं झाली. गॅलरीत छोटंसं वृंदावन आहे आणि या चार वर्षांत त्यातली तुळस तीनदा वाळली. पहिल्यांदा घरात कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा सासूबाई म्हणाल्या, "आमच्या गावी तुळस कधी अशी गेली नाही हो." तिसऱ्यांदा नणंदबाई सहज बोलून गेल्या, "वहिनीच्या हाताला गुणच नाही." आणि मग शेजारच्या एका बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "ते चार दिवस तुळशीला शिवत नाहीस ना?" पत्राच्या शेवटी तिनं लिहिलंय, "ताई, मी रोज न चुकता पाणी घालते. आता चौथी लावायची भीतीच वाटते."

वाचून मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. सवाष्णीच्या दारातली तुळस वाळली की बोट तिच्याकडेच जातं. कुंडीकडे कुणी बघत नाही. मी तिला उलट एवढंच विचारलं, की तिन्ही वेळा माती बदलली होती का? उत्तर आलं, नाही. माती चांगली, गावाहून पोत्यातून आणलेली, ती टाकायची कशी? वाळलेली तुळस उपटली, त्याच खड्ड्यात हातगाडीवरचं नवं रोप लावलं, वर मूठभर शेणखत घातलं. आणि जुनी मुळं? उपटताना आली तेवढी आली, बाकीची आतच तुटून राहिली.

माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

तुळस वाळायला दुसरी कारणंही असतात, ती आधी बाजूला काढू. तुळशीचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. मंजिऱ्या खुडल्या नाहीत, बी धरू दिलं, की झाड लवकर म्हातारं होतं. आपल्या गॅलऱ्यांना कधी कधी ऊन तासभरही मिळत नाही, तेही कारण होतं. पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा किडा बसला तर तो डोळ्यांना दिसतोच. पण धडधाकट रोप, चार पानं चांगली फुटलेली, आणि एक दिवस दुपारी मान टाकतं, माती ओली असूनसुद्धा. आणि नवं रोप आणलं तर दोन-तीन महिन्यांनी त्याचंही तेच. असं असेल तर संशय मातीवर घ्यायचा.

आता मी काही शेतकी कॉलेजात शिकलेली नाही. साधी बी. ए. झालेली बाई, सकाळी घर आणि दुपारी मुलुंडच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवणं. पण माझं माहेर जालना जिल्ह्यातलं, बदनापूरच्या बाजूचं, आणि मातीत दडून बसणारा रोग मी लहानपणी तुरीच्या शेतात पाहिला आहे.

आमच्याकडे त्याला 'मर' म्हणतात. तूर मर लागून गेली, असं बोलतात. जूनच्या पावसावर तूर पेरायची, दसरा-दिवाळीच्या सुमाराला ती डोक्याइतकी उंच होते, पिवळ्या फुलांनी भरते. बरोबर त्याच वेळी एखादं झाड दुपारी कोमेजलेलं दिसायचं. शेजारची झाडं टवटवीत, जमिनीत ओल, आणि हेच एक मलूल. कधी अर्ध्या फांद्या वाळलेल्या आणि अर्ध्या हिरव्या. आप्पा खाली वाकून खोड बघायचे. जमिनीपासून वर चढत गेलेला एक जांभळट-तपकिरी पट्टा सालीवर दिसायचा. मग ते विळ्यानं खोड उभं चिरायचे. आत पांढऱ्या लाकडात काळपट रेघा. त्या रेघा दिसल्या की आप्पा काही न बोलता बांधावर येऊन बसायचे.

शेंगा धरण्याआधी मर आली तर त्या झाडाचं उत्पन्न जवळजवळ १०० टक्के बुडतं. शहरात आपल्याला तूरडाळ आठवते ती भाव वाढला की. २०१५ सालच्या दिवाळीच्या आसपास मुंबईत ती २०० रुपये किलोच्या घरात गेली होती, आठवतं ना? कितीजणींनी वरणात मूगडाळ मिसळून महिना काढला. त्या वेळची कारणं दुष्काळाची आणि बाजाराची होती. पण ज्याच्या घरचं सगळं वर्ष चार एकर तुरीवर उभं आहे, त्याच्याकडे मर लागली तर डाळच काय, पोरांच्या शाळेचं, दवाखान्याचं सगळंच अडतं. आमच्याकडे एका वर्षी घरच्या डाळीपुरतीच तूर झाली आणि मोठ्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न पुढच्या वर्षावर गेलं.

मला त्या वयात नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. पहिल्या वर्षी शेताच्या एका कोपऱ्यात बैलगाडी उभी राहील एवढ्या जागेत झाडं गेली. दुसऱ्या वर्षी नवं बी, नवा पाऊस, तरी त्याच कोपऱ्यात, आणि जागा दुप्पट. तिसऱ्या वर्षी आमच्या अंगणाएवढी चकती. गावातल्या एकानं सांगितलं, जमीन बाधली, नारळ फोडा. नारळ फोडून झाला. एका चुलत्यांनी तर पेरणीला कोणती सून पुढे होती याची चौकशी केली! घाटकोपरचं पत्र वाचताना मला ते आठवलं. माणसं सगळीकडे सारखीच.

जानेवारीत तूर कापली की जूनपर्यंत ते रान मोकळं असायचं. मराठवाड्यातला उन्हाळा म्हणजे काय ते सांगायला नको. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हिरवं पान नाही, ओल नाही. मग हा रोग पाच-सहा महिने राहतो कुठे आणि खातो काय?

तो राहतो धसकटांत. तूर कापतात ती जमिनीच्या वर. वरच्या तुराट्या घरी येतात, चुलीला लागतात, कुडाच्या भिंतीला लागतात. बुंध्याचा खुंट आणि खोल गेलेली मुळं शेतातच राहतात. मर रोगाची बुरशी, फ्युझेरियम उडम तिचं नाव, ज्या झाडाला मारते त्याच्याच मेलेल्या मुळांवर पुढे संसार करते. तुरीच्या अशा रोगट अवशेषांवर ती जमिनीत सुमारे ३ वर्षं तग धरते. खाणं संपत आलं, उन्हाळा कडक झाला, की ती आपल्या धाग्यांमध्येच जाड कवचाचे बीजाणू तयार करते आणि गप्प पडून राहते.

हे कसं, तर आपल्या डब्यातल्या मेथ्यांसारखं. डब्यात वर्षभर पडून असतात, काही हालचाल नाही, कुणी म्हणेल मेल्यात. ओल्या फडक्यात बांधल्या की दुसऱ्या दिवशी मोड. फरक एवढाच, की या बुरशीच्या बीजाणूंना नुसती ओल पुरत नाही. नव्या रोपाची कोवळी मुळं वाढताना आपल्याभोवती साखरेसारखी द्रव्यं झिरपू देतात. त्या झिरप्याची चाहूल लागली की बीजाणू जागे होतात, धागा फुटतो आणि तो बारीक मुळांतून आत शिरतो. म्हणजे रोप लावणं हेच त्यांना बोलावणं. रिकाम्या कुंडीत नुसतं पाणी घालून ठेवलं तर त्यातले पुष्कळसे झोपूनच राहतील.

आत शिरल्यावर बुरशी झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वाढते. नळ्या तुंबतात. मुळाशी पाणी आहे, पण पानापर्यंत पोचत नाही. झाड ओल्या मातीत उभं राहून तहानेनं मरतं. आणि इथे आपण बायका काय करतो? पान मलूल दिसलं की आणखी एक तांब्या ओततो. सकाळी आपण पाणी घालतो, मग सासूबाई पूजेचं घालतात, संध्याकाळी मुलांना संस्कार म्हणून त्यांच्या हातूनही एक पेला. दारातल्या तुळशीवर एवढं प्रेम होतं की तिची मुळं श्वासाला जागा शोधत असतात. सतत चिंब मातीत मुळं कुजवणाऱ्या दुसऱ्या बुरशांचंही फावतं. त्यातली पिथियम नावाची तर पाण्यातूनच पोहत पसरते.

मर रोग मातीतून येतो हे कळायलाही वेळ लागला आहे. बिहारमधल्या पुसा इथे त्या काळी सरकारी शेती संशोधन संस्था होती. तिथले बुरशीशास्त्रज्ञ एडविन बटलर यांनी १९०६ मध्ये तुरीच्या मर रोगावर लिहिलं आणि १९१० मध्ये त्या बुरशीचं सविस्तर वर्णन करून तिला नाव दिलं. आल्याचे कंद जमिनीत सडतात त्या रोगाचीही १९०७ सालची पहिली नोंद त्यांचीच, तीही आपल्या मुंबई इलाख्यातल्या सुरतेकडची. या बुरशा तेव्हाच जन्मल्या असं नाही. शेतकरी पिढ्यान् पिढ्या त्यांच्याशी झगडतच होता. फक्त शत्रूला चेहरा नव्हता, म्हणून नारळ फुटत होते.

प्रत्येक पिकाची बुरशी आपल्या मुदतीनं वस्ती करते. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी हरभरा न पेरताही ६ वर्षांपर्यंत जमिनीत राहते. केळीला लागणाऱ्या पनामा मर रोगाची तर कित्येक दशकं. मध्य अमेरिकेत ग्रो मिशेल नावाच्या केळीच्या बागा त्या रोगानं अशा बाधल्या, की शेवटी १९५०-६० च्या दशकांत व्यापाऱ्यांना ती जातच सोडावी लागली आणि कॅव्हेंडिश जातीची केळी जगभर आली. जळगावची जी केळी आपण डझनावारी घेतो ती याच कॅव्हेंडिश घराण्यातली. आता पनामा रोगाचा एक नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आहे आणि तो बिहारमध्ये आढळला आहे. म्हणून दुसऱ्याच्या बागेतली माती चपलांना लावून आपल्या बागेत येऊ नका, असं केळीवाल्यांना कळकळीनं सांगतात.

आणखी एक प्रकार आहे, तो तुम्ही तुमच्या कुंडीत पाहिला असेल. पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याशी, मातीला लागून, पांढरे रेशमासारखे धागे दिसतात आणि त्यांवर मोहरीसारखे गोल तपकिरी दाणे. मोहरीच म्हणा ना, तेवढेच आणि तसेच. पुष्कळजणींना ती खताची गोळी वाटते किंवा कीटकांची अंडी. ती आहे स्क्लेरोशियम रोल्फ्साय नावाची बुरशी, आणि ते दाणे म्हणजे तिची पुढच्या हंगामाची शिदोरी. भुईमूग, हरभरा, टोमॅटो, मिरची, शोभेची झाडं, हिला काही वर्ज्य नाही. दाणे मातीच्या वरच्या थरात वर्षानुवर्षं राहतात. उन्हाळ्यात खडखडीत वाळतात आणि पहिल्या पावसात भिजले की जास्तच जोमानं उगवतात, त्यातही भोवती अर्धवट कुजलेला पालापाचोळा असला तर फारच. म्हणून बुंध्याशी चहाचा ओला चोथा आणि भाजीची देठं तशीच टाकायची सवय मला पसंत नाही. खत करायचं तर वेगळ्या डब्यात पूर्ण कुजवून करा.

आमच्या शेताचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. आजी म्हणायची, तुरीला ज्वारीची सोबत सोडू नका. जुन्या पद्धतीत ज्वारीच्या चार-सहा ओळींमागे तुरीची एक ओळ असायची आणि पुढच्या वर्षी पीक फिरायचं. पुढे १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट ही संशोधन संस्था निघाली. तिथल्या प्रयोगांत दिसलं, की ज्वारी मिश्रपीक म्हणून घेतली किंवा एक वर्ष तुरीऐवजी ज्वारी घेतली, तर मर स्पष्ट कमी होते. बुरशीला तुरीचं मूळ मिळत नाही, उपासमार होते. आजीला बुरशी ठाऊक नव्हती, पण तिचा हिशेब बरोबर होता. हल्ली आमच्याकडे ज्वारी मागे पडली आणि सगळीकडे सोयाबीन झालं. पैसा लवकर हातात येतो म्हणून शेतकऱ्याला दोष देता येत नाही, पण ज्वारीची ती सोबत सुटली हेही खरं.

आप्पांनी दोन वर्षं त्या तुकड्यात तूर घेतली नाही. मग बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेलं बीएसएमआर ७३६ हे मर रोगाला दाद न देणारं वाण आणलं. इक्रिसॅटचं 'आशा' नावाचं वाणही त्याच कामाचं, ते १९९३ मध्ये आलं. नाव किती चांगलं ठेवलंय! अशा वाणाच्या मुळाशी बुरशी आली तरी तिला आत सहज पसरता येत नाही. जमीन तीच, बुरशीही तिथेच, पण झाड उभं राहतं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, ती म्हणजे धसकटं वेचणं. नांगरणी झाल्यावर वर आलेली मुळं-खुंट उन्हातान्हात गोळा करायचे आणि शेताबाहेर काढायचे. हे काम बायकांचं. डोक्याला पदर गुंडाळून, पाठीत वाकून, तळहाताला काटे-कुसळं टोचत. हे काम हलकं समजतात आणि मजुरीही पुरुषांपेक्षा कमी देतात. पण बुरशीचं घर शेतातून उचलून बाहेर टाकणारं काम तेच. माझी आई ते वर्षानुवर्षं करत आली. तिला कुणी 'रोगनियंत्रण' केलं म्हणून शाबासकी दिली नाही, ती मी इथे देऊन टाकते.

तर आपली कुंडी म्हणजे ते शेतच, फक्त वीतभर. शेतकऱ्याला निदान पीक हलवायला दुसरा तुकडा असतो, खोल नांगरता येतं. आपल्या दहा इंची कुंडीत नव्या रोपाची मुळं पळून जाणार कुठे? तेव्हा वाळलेलं झाड काढताना नुसतं ओढू नका. कुंडी आडवी करून सगळा गड्डा बाहेर काढा. मुळं बघा. निरोगी मूळ पांढरट आणि घट्ट असतं. तपकिरी, मऊ, चिमटीत धरलं तर साल हातात येऊन आतला दोरा उरतो, ते कुजलेलं. खोड उभं चिरून बघा. आत काळपट रेघा दिसल्या तर मर रोगाचा संशय घ्या. तुळशीचं काष्ठ पवित्र मानतात, टाकवत नाही, हे मला कळतं. वरचं वाळलेलं खोड धुऊन, उन्हात वाळवून देवाजवळ ठेवा. मुळं मात्र कुंडीत नकोत.

ती माती त्याच झाडासाठी पुन्हा वापरू नका, निदान तशीच्या तशी नको. मुंबईत मातीसुद्धा विकत घ्यावी लागते, त्यामुळे टाकवत नसेल तर एप्रिल-मेचं ऊन आपल्याला फुकट आहे. इस्रायलमध्ये याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक पद्धत मांडली. ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीनं दाबायच्या आणि कडक उन्हात चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. आत जमीन इतकी तापते की पुष्कळशा बुरशा मरतात, उरतात त्या दुबळ्या होतात. आपण ते गच्चीवर करू शकतो. मुळं-काड्या चाळून काढा, माती ओलसर करा (कोरडी माती आतपर्यंत तापत नाही), पारदर्शक पिशवीत चार बोटं जाडीचा थर भरून तोंड घट्ट बांधा आणि उन्हात पसरून ठेवा. काळी कचऱ्याची पिशवी नको, तिच्यात ऊन आत शिरत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं. आमच्याकडे पिशव्या बघून पाण्याच्या टाकीपाशी काय पुरलंय अशी चर्चा झाली होती!

एवढी सवड नसेल तर थोडी माती वाफवता येते. त्यासाठी जुनं पातेलं कायमचं वेगळं काढा, स्वयंपाकाचं नको. खाली पाणी, वर चाळणीत ओलसर माती, झाकण, आणि वाफ मध्यापर्यंत पोचल्यावर अर्धा तास. खिडक्या उघड्या ठेवा, वास काही अत्तराचा नसतो. पण वाफवलेली माती म्हणजे रिकामं घर. जो पहिला येईल तो मालक. म्हणून थंड झाल्यावर तिच्यात चांगलं मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा आणि जमलं तर ट्रायकोडर्माची भुकटी. ट्रायकोडर्मा ही भली बुरशी. रोगट बुरशीच्या धाग्याला विळखा घालते आणि तिलाच खाते. शेतीच्या दुकानात पुडी मिळते. ती जिवंत वस्तू आहे, म्हणून पुडीवरची मुदत बघून घ्या, उन्हात ठेवू नका, आणि ओलसर खतात मिसळून द्या. एका कुंडीला छोटा चमचा पुरतो. झाड गेल्यावर घालून उपयोग नाही, लावतानाच घालायची.

हळद टाकली की बुरशी मरते, असं मला दर महिन्याला कुणीतरी लिहितं. कापलेल्या फांदीवर लावा हवी तर. मातीत खोल दडलेल्या बीजाणूंना चिमूटभर हळदीनं काय होणार? सांगलीकडच्या शेतात खुद्द हळदीच्याच कंदाला कूज लागते, बायांनो! बुरशीनाशक औषधंही मी तुळशीला सुचवणार नाही. तिची पानं आपण नैवेद्यावर ठेवतो आणि मुलांच्या काढ्यात घालतो.

कुंडीही सोडू नका. मातीच्या कुंडीच्या भिंतीत बारीक छिद्रं असतात, त्यांत जुनी माती बसते. ब्रशनं घासा, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी घेऊन त्यात अर्धा तास बुडवा, दोनदा धुवा आणि कडक उन्हात वाळू द्या. वृंदावन भिंतीला पक्कं बांधलेलं असेल तर सोपा मार्ग म्हणजे तुळस आत छोट्या कुंडीत लावून ती कुंडी वृंदावनात ठेवणं. रोग आलाच तर कुंडी उचलता येते. खुरपं एकच असतं आणि ते सगळ्या कुंड्यांतून फिरतं, तेही दर वेळी धुवायचं.

पीक फिरवणं कुंडीतही चालतं, पण नातीगोती ओळखून. तुळस, सब्जा, पुदिना एकाच कुळातले. सब्जाला तर फ्युझेरियमची एक खास जात लागते आणि ती बियांतूनही येते. तेव्हा तुळस गेलेल्या मातीत यांतलं काही नको. तसंच वांगं, टोमॅटो, मिरची आणि बटाटा ही भावंडं, एकाचा रोग दुसऱ्याला जाऊ शकतो. तिथे एक-दोन वर्षं कांद्याची पात किंवा झेंडू लावा. बाजारातल्या आल्याला कोंब फुटला की आपण लगेच कुंडीत खोचतो. त्यापूर्वी दाबून बघा. मऊ जागा असेल, पाणी सुटत असेल, तर चहात घालायच्याही लायकीचं नाही ते, लावायची गोष्टच सोडा. कंदाबरोबर कूज येते आणि आलं संपलं तरी मातीत राहते.

पाणी किती? वरची माती बोटाच्या पहिल्या पेराएवढी कोरडी लागली की घाला. पूजेचं पाणी रोज घालायचंच असेल तर पळीभर घाला, तांब्याभर नको, आणि घरात आणखी कुणी घालत नाही ना ते ठरवून घ्या. कुंडीच्या तळाचं भोक उघडं आहे का ते बघा, खाली ताटली असेल तर तिच्यातलं साठलेलं पाणी ओतून टाका. पावसाळ्यात तुळस आत, झड लागणार नाही अशी ठेवा.

राहता राहिली काढून टाकलेली रोगट माती आणि मुळं. ती खाली सोसायटीच्या बागेत आंब्या-जास्वंदीच्या बुंध्याशी ओतू नका, आणि घरच्या खताच्या डब्यातही टाकू नका. त्या लहान डब्यात बुरशी मरेल एवढी उष्णता होत नाही. पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीला द्या. गच्चीवर तापवायला ठेवलेल्या पिशव्या मात्र मेअखेर खाली आणा, पहिल्या सरीच्या आत. एकदा पाणी शिरलं की त्या मातीला पुन्हा पुढच्या उन्हाळ्याची वाट बघावी लागते.